सुलटी तरंगणारी टोपली

१

माझा नवरा धरणाच्या पाण्यात सापडला तेव्हा त्याची निळी टोपली त्याच्या शेजारीच तरंगत होती. हे मला दसऱ्याच्या सकाळीच सांगितलं होतं, पण त्या दिवशी सांगितलेलं काहीच माझ्या आत गेलं नाही. माणसं बोलत होती आणि मी मान हलवत होते. मागच्या बाकावरची पोरं वर्गात हलवतात तशी.

१९९३ साल. किल्लारीच्या भूकंपाला अजून महिना झाला नव्हता. आमचं खैरगव्हाण तिथून लांब, जिंतूर तालुक्यातल्या डोंगरात, पण त्या पहाटे आमचीही भांडी फळीवरून खाली आली होती. तेव्हापासून सगळा मुलूखच सुन्न होता. तालुक्याचे डॉक्टर तिकडं गेलेले, पोलीस तिकडं गेलेले. गावच्या चौकीत भुजंग जमादार एकटेच उरले होते, आणि ते मागं का उरले हे त्यांच्याशी दोन वाक्यं बोललं की कळायचं.

चंद्रभान पुण्याच्या एका संशोधन संस्थेसाठी धरणावर काम करायचा. काम ऐकून गाव हसायचं. धरणाच्या पोटात बुडालेली झाडं, गवत, जुनी शेतं सडत असतात. त्यातून वायू सुटतो, पाण्यावर येतो आणि हवेत जातो. तो किती जातो ते मोजायचं, कारण त्यानं म्हणे सगळी पृथ्वी तापते. मोजायचं साधन म्हणजे प्लास्टिकचा निळा पिंप अर्धा कापून केलेली टोपली, काठाला सायकलची ट्यूब. ती पाण्यावर पालथी ठेवायची, म्हणजे वर येणारा वायू आत कोंडतो. मग बुडाला बसवलेल्या नळीतून तो पिचकारीनं ओढून बाटलीत भरायचा. गावानं चंद्रभानचं नावच पालथा घडा ठेवलं होतं. तो रागवायचा नाही. पालथ्या घड्यावर पाणी तुम्ही ओतता, मी निदान त्यात हवा तरी भरतो, असं म्हणायचा.

खंडेनवमीच्या संध्याकाळी तो घरी आला नाही. दुसऱ्या दिवशी अशोक विजयादशमी, विहारात कार्यक्रम. पोरांबरोबर झेंडे लावत थांबला असेल असं मी धरून चालले. आमचे दोघांचे पांढरे कपडे इस्त्री करून खुर्चीवर ठेवले होते. त्याला त्याच कपड्यांत निरोप दिला.

वरच्या अंगाला, बुडालेल्या सागवानांचे खुंट आहेत तिथं, तो मच्छीमारांना सापडला. जवळच नागनाथ भोयाची नाव वाऱ्यानं हेलकावत होती. नागनाथ म्हणजे वर्षभर त्याला पाण्यावर नेणारा नावाडी. भादव्यात टोपलीच्या तारेनं नागनाथचं जाळं फाटलं, तेव्हा तो घाटावर सगळ्यांसमोर म्हणाला होता, की ही टोपली एक दिवस तुलाच बुडवील. जमादारांना तेवढं पुरलं. दसऱ्याला सोनं लुटायच्या वेळी नागनाथ कोठडीत होता.

मी रडले नाही. बायकांनी सगळे उपाय केले. पाच वर्षांच्या करुणाला आणून माझ्या मांडीवर बसवलं, चंद्रभानची चप्पल समोर ठेवली. सासरे किशनराव ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. त्यांना मी मामा म्हणते. तेही रडले नव्हते. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत नव्हतो.

तिसऱ्या दिवशी नागनाथची बायको रुख्मिणी आली. भोईवाड्यातली बाई त्या दिवसांत आमच्या भीमनगरात एकटी येणं म्हणजे छातीचं काम होतं. विद्यापीठाच्या नामांतराचं अजून ठरायचं होतं, आणि गावात कुठलीही गोष्ट शेवटी जातीवर जाऊन थांबत होती. आमच्याकडचा तरुण माणूस मेला आणि त्यांच्याकडचा कोठडीत, म्हटल्यावर दोन्हीकडं दगड गोळा झालेच होते. जमादार नागनाथला उद्या सकाळच्या जीपनं जिंतूरला पाठवणार होते, कबुलीजबाब लिहून घेऊन. एकदा तो जीपमध्ये बसला की परत येत नाही, हे रुख्मिणीला कळत होतं.

ती दाराबाहेरच बसली. काय काय सापडलं ते एकापाठोपाठ एक सांगत होती, आणि मी नेहमीसारखी मान हलवत होते. नाव सापडली, वल्हं सापडलं, बाटल्यांची पिशवी सापडली, टोपलीत ठेवलेली, कोरडीच्या कोरडी.

माझी मान थांबली.

"पिशवी कुठं होती म्हणालीस?"

"टोपलीत, बाई. परातीत ठिवावी तशी."

पालथ्या टोपलीत पिशवी ठेवता येत नाही. टोपली सुलटी होती. ती पालथीच ठेवायची असते हे नागनाथ झोपेतही विसरला नसता. वर्षभर त्यानंच ती पाण्यावर ठेवली होती.

मी पदर खोचला आणि चपला शोधायला लागले.

२

चौकीत जमादारांनी मला खुर्ची दिली आणि दुःखाविषयी दोन शब्द बोलले. मी टोपलीचं सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, बुडणारा माणूस हातपाय मारतो, त्यात टोपली उलटली असेल. मग कोरडी पिशवी तिच्यात कुणी ठेवली, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी पंख्याकडं बघितलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी आमची जुनी म्हण आहे, तिचा अर्थ मला शाळेत पोरांना समजावून सांगावा लागतो. जमादारांना वर्गात नेऊन उभं केलं असतं तर काम झालं असतं.

पण त्यांनी नागनाथला भेटू दिलं. पंचनाम्यात काढून ठेवलेली चंद्रभानची चांदीची अंगठीही दिली, वर्तमानपत्राच्या पुडीत बांधलेली. मी ती न उघडता पर्समध्ये टाकली.

नागनाथ गजांमागं उकिडवा बसला होता. त्याचा ओठ फुटलेला होता. मला बघून त्यानं हात जोडले. मी शाळेत विचारते तसं विचारलं, त्या दिवशी तू काय काय केलंस, सकाळपासून सांग.

खंडेनवमी होती, तो म्हणाला. शेतकरी त्या दिवशी औतं पुजतात, सुतार करवत पुजतो, भोई नाव आणि जाळं पुजतो. पुजलेली वस्तू त्या दिवशी कामाला लावायची नाही. भोईवाड्यातली एकही नाव पाण्यात नव्हती. त्याचीही नाव घाटावर ओढून ठेवलेली होती, वल्ह्याला हळदकुंकू लावलेलं. तो बोकडाच्या जेवणाला बसला होता, पण सोबतचे सगळे भोईच, म्हणून जमादारांनी त्यांची साक्ष धरली नाही.

"मग चंद्रभानला त्या दिवशी पाण्यावर कुणी नेलं?"

"कोन नेईल, बाई? मी त्याला आदल्या दिशीच मनलं, उद्या नाव सुटायची न्हाई. तर तो मनला, मला उद्या नाव लागतच न्हाई. उद्याचं माप लय दिसापासून राहिलंय, ते नावंबिगर घ्यायचंय."

ज्याला नाव लागत नाही तो माणूस धरणाच्या भर पाण्यात खुंटांपाशी सापडतो. आणि ज्या दिवशी एकही भोई नावेला हात लावत नाही, त्या दिवशी कुणीतरी नागनाथची नाव पाण्यात लोटतो. म्हणजे लोटणारा भोई नव्हता आणि त्याला टोपलीचं कामही माहीत नव्हतं.

नागनाथ शेवटी एवढंच म्हणाला, "जाळ्यासाठी भांडलो, बाई. पन तो मला रोज डब्यातली अर्धी भाकर द्यायचा."

मला तेव्हा काहीतरी वाटायला हवं होतं. मी फक्त विचार करत होते, की नावेशिवाय कुठलं पाणी गाठता येतं.

३

गावात चंद्रभानवर उघड राग धरणारा माणूस एकच होता, मच्छीमार सोसायटीचे चेअरमन माणिकराव. ते स्वतः मासा धरत नाहीत, धरलेला विकतात. पाण्यात वायू आहे असं चंद्रभान चारचौघांत सांगायचा, आणि परभणीच्या बाजारात लोक खैरगव्हाणचा मासा उलटासुलटा करून हुंगायला लागले होते. माणिकरावांनी त्याला पार्सल करून पुण्याला परत पाठवायची धमकी दिली होती.

त्यांनी मला गादीवर बसवलं, चहा मागवला आणि मी काही विचारायच्या आत आपण त्या दिवशी कुठं होतो ते सांगून टाकलं. निर्दोष माणसं असंच करतात, आणि गुन्हेगारही. दुपारी ते विजघरात होते. आमच्या धरणाला येलदरीसारखा थाट नाही. भिंतीच्या पायथ्याशी एक लहानसं विजघर आहे, त्यात एकच यंत्र. दर खंडेनवमीला तिथं यंत्राची पूजा होते आणि यंत्र दिवसभर बंद असतं. विभागाचे इंजिनियर बन्सीधर साहेब नारळ फोडतात, गावातल्या चार लोकांना पेढे देतात.

"तुमचे मामाही व्हते की," माणिकराव म्हणाले. "दाराशी उभे व्हते, नेहमीसारखे. बन्सीधर साहेब त्यांना लय मानतो. मामा म्हयनाअखेरीला रिटायर व्हायलेत ना."

मामा विजघरात यंत्राला तेल देण्याच्या कामावर होते. धरण झालं तेव्हापासून. छप्पन्न साली घरानं धम्म स्वीकारला तेव्हा ते विशीत होते. पुढं नोकरी लागल्यावर त्यांनी कधी यंत्राच्या पूजेला हात लावला नाही आणि कधी पूजेची टिंगलही केली नाही. दाराशी उभं राहायचे. पेढा मात्र घ्यायचे, करुणासाठी.

पूजा आटोपल्यावर सगळे बरोबरच बाहेर पडले, माणिकराव पेढ्याची पुडी घेऊन घरी आले आणि झोपले. त्यांच्या शेजारच्या दुकानदारानं त्यांचं घोरणं ऐकलं होतं. मी उठायला लागले तेव्हा ते स्वतःहून म्हणाले, की तुमच्या नवऱ्याशी माझं भांडण असेल, पण मी गावाच्या भल्याचंच बघतो. भोंगा बंद केला तो मीच.

मी परत बसले.

यंत्र सुरू करायच्या आधी विजघराचा भोंगा वाजतो, म्हणजे खालच्या नदीत कुणी धुणं धूत असलं, गुरं पाजत असलं तर बाजूला होतं. भूकंपानंतर धरण फुटणार अशी आवई उठली होती. भोंगा वाजला की खालच्या वस्तीतली माणसं पोरं काखेत मारून टेकडीकडं पळायची. एक म्हातारी पळताना पडली आणि तिचं कंबरडं मोडलं. मग माणिकरावांनी अष्टमीच्या आधीच्या आठवड्यात बन्सीधर साहेबांना गळ घातली, की लोकांचं मन थाऱ्यावर येईपर्यंत भोंगा वाजवू नका. साहेबांनी ऐकलं. सगळ्या गावाला बरं वाटलं. मलाही बरं वाटलं होतं, कारण करुणा त्या आवाजानं कॉटखाली शिरून बसायची.

चंद्रभान त्या आठवड्यात पुण्याला बाटल्या पोचवायला गेला होता. तो परत आला अष्टमीच्या संध्याकाळी. भोंगा वाजला असता तर त्यावर आम्ही बोललो असतो. न वाजलेल्या भोंग्याची बातमी कोण कुणाला देतं?

४

घरी आले तेव्हा मामा तिथंच बसले होते. करुणा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. सकाळी त्यांच्यासमोर ठेवलेला भाकरीचा तुकडा ताटात तसाच होता. मी ताट उचललं, दुसरं वाढलं, आणि तेही तसंच राहणार हे मला माहीत होतं.

आत जाऊन मी अंगठीची पुडी उघडली.

अंगठी काळी पडली होती. जुन्या चांदीवर येतो तसा मळका रंग नव्हे, चांगली काळीकुट्ट. मी ती चिमटीत धरून बसले. नवमीच्या सकाळी मी स्वतः ती दंतमंजनानं घासून लख्ख केली होती, दुसऱ्या दिवशी कार्यक्रम म्हणून. चंद्रभाननं बोटात घालताना तिच्यात तोंड बघितल्याचं नाटक केलं होतं.

हे असं काळं होणं मी एकदा आधी पाहिलं होतं. उन्हाळ्यात तो यंत्राखालच्या पाण्याचं माप घेऊन आला, त्याच्या अंगाला सडक्या अंड्याचा वास येत होता आणि अंगठी अशीच झाली होती. मी त्याला आधी न्हाणीत पाठवलं आणि मग विचारलं. त्यानं पोरांना शिकवावं तसं मला शिकवलं. धरणाचं वरचं पाणी हवा खातं, ते स्वच्छ असतं. यंत्रात जातं ते तळाचं पाणी. तिथं वर्षानुवर्षं सडलेलं असतं, त्याला तो वास असतो, आणि तेच चांदीला काळं करतं. ते यंत्रातून बाहेर पडलं की सोड्याची बाटली उघडल्यासारखा सगळा वायू तिथंच सुटतो. लोक वर धरणात मोजतात, खरी गंमत खाली आहे, असं तो म्हणाला होता. पण यंत्र चालू असतानाचं माप नुसतं घेऊन भागत नाही, यंत्र पूर्ण बंद असतानाचंही लागतं. आणि यंत्र दिवसभर कधी बंदच नसतं.

वर्षातून एक दिवस असतं, खंडेनवमीला. नावेशिवाय घ्यायचं, फार दिवस राहिलेलं माप.

मी त्याच्यासारखीच एकेक धागा मांडत गेले. वरच्या पाण्यात बुडाला असता तर अंगठी काळी झाली नसती. म्हणजे तो खाली होता, विजघराच्या मागच्या चरात, जिथं यंत्रातलं पाणी बाहेर येतं. यंत्र बंद असताना त्या चरात घोट्याएवढंच पाणी असतं, त्यात कुणी बुडत नाही. म्हणजे यंत्र चालू झालं. सगळं गाव शपथेवर सांगत होतं की त्या दिवशी यंत्र चालत नाही, आणि चंद्रभानही त्याच शपथेवर खाली उतरला होता. भोंगा वाजला नाही. पाण्याचा लोट आला. नंतर कुणीतरी त्याला तिथून उचललं, गाडीत घालून भिंतीवरून घाटावर नेलं, सगळ्यात सोपी हाताला लागली ती नाव पाण्यात लोटली, आणि पाटी ठेवावी तशी टोपली त्याच्याशेजारी सोडून दिली.

गाडी एकाच माणसाकडं होती, आणि यंत्राच्या खोलीची किल्लीही त्याच्याकडंच.

ओसरीवरून मामांनी विचारलं, "कुटं निघालीस, सुमन?" तीन दिवसांत ते पहिल्यांदा बोलले होते. मी म्हटलं, बन्सीधर साहेबांकडं. करुणाच्या केसांवरून मामांचा हात फिरत होता तो थांबला, एवढंच मी पाहिलं.

५

बन्सीधर साहेबांचा बंगला धरणाच्या भिंतीला लागून आहे. ते एकटेच राहायचे. मला बघून त्यांनी दार उघडं ठेवलं आणि आत जाऊन खुर्चीत बसले. तीन दिवसांत त्यांनी दाढी केली नव्हती.

यंत्र बंद होतं, असं ते म्हणाले. मी अंगठी टेबलावर ठेवली. मी धागे मांडले तसेच त्यांच्यासमोर मांडले, माझा आवाजही चढला नाही. मला स्वतःचंच नवल वाटत होतं. समोर बसलेल्या माणसानं माझ्या नवऱ्याला मारलं होतं, आणि मी फळ्यावर गणित सोडवत असल्यासारखी बोलत होते.

त्यांनी वाद घातला नाही. पूजेनंतर यंत्र सुरू केलं होतं, ते म्हणाले. थोडा वेळ, एक फेरा, आणि लगेच बंद केलं. सगळे गेल्यावर. मग कुलूप लावून ते मागच्या बाजूनं चरावर नजर टाकायला गेले, सवयीनं. चंद्रभान चरातल्या लोखंडी जाळीला अडकलेला होता. त्याची सायकल झाडाआड होती, पिशवी काठावर दगडावर. त्यांनी त्याला बाहेर ओढलं, छाती दाबली, तोंडात फुंकर घातली. फार उशीर झाला होता. अंधार पडेपर्यंत ते त्याच्याजवळ बसून राहिले आणि मग पुढचं सगळं केलं.

"नोकरी वाचवायला," मी म्हटलं.

"नाही, ताई."

"मग कशाला? नागनाथला फासावर द्यायला?"

नागनाथचं नाव ऐकून ते मान खाली घालून रडायला लागले. कुणाची नाव आहे हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. माणूस पाण्यावर काम करायचा, पाण्यात बुडाला, एवढंच लोकांना वाटावं असं त्यांना हवं होतं. दोन दिवस ते रोज कागद घेऊन जबाब लिहायला बसत होते. पहिलं वाक्य लिहून झालं की दुसऱ्या वाक्यात एक नाव यायचं, आणि तिथं हात थांबायचा.

"कुणाचं नाव?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. टेबलावरच्या काळ्या अंगठीकडं बघत ते सावकाश बोलले. "तेल देणाऱ्या माणसाला बटणाला हात लावायची परवानगी नसते, ताई. इतकी वर्षं त्यांनी यंत्र जपलं, स्वतःच्या हातानं कधी सुरू केलं नाही. पूजेत येत नाहीत म्हणून मानाचं काही वाट्याला येत नाही. मला वाटलं, जाण्याआधी एकदा तरी. सगळे गेल्यावर मी त्यांना आत बोलावलं. म्हटलं, किशनराव, आजचा मान तुमचा."

नवमीच्या संध्याकाळी मामा फार खुशीत घरी आले होते. करुणाला त्यांनी खांद्यावर घेतलं होतं आणि पेढा भरवला होता. मी विचारलं, आज काय विशेष, तर म्हणाले, चंद्रभान येऊ दे, त्याच्यासमोर सांगतो.

६

परत येताना मी भिंतीवर थांबले. एका बाजूला संथ पाणी, दुसऱ्या बाजूला खोल खाली विजघराचं पत्र्याचं छप्पर. सकाळी जीप येणार होती. मी बोलले तर नागनाथ सुटत होता आणि मामा संपत होते. गप्प बसले तर मामा पेन्शन घेऊन ओसरीवर बसणार होते, आणि रुख्मिणीचा नवरा चोर सोडून संन्याशाला फाशी या न्यायानं जाणार होता. भीमनगर आणि भोईवाडा एकमेकांची घरं जाळणार होते ते वेगळंच. बन्सीधर साहेब म्हणाले होते, मी जबाब देतो, बटण मीच दाबलं म्हणतो. त्या माणसाचा मला राग यायला हवा होता. तोही आला नाही.

मी ठरवलं की तसंच होऊ द्यायचं. मामांना कधी कळू द्यायचं नाही.

घरी आले. मामा उठून उभे होते. त्यांनी अंगात कामाचा खाकी शर्ट घातला होता, डोक्याला रुमाल बांधला होता.

"चल," ते म्हणाले. "चौकीत जाऊ."

मी म्हटलं, मामा, आधी जेवून घ्या.

"मला म्हाईत हाय, सुमन." ते दाराच्या चौकटीला धरून बोलत होते. "मीच त्याला शेवटची अंघोळ घातली न्हवं? सगळे मनत व्हते खुटापाशी बुडाला. मी पानी टाकलं आन् वास आला. यंत्राखालच्या पान्याचा. हयात गेली त्या वासात, मला कळनार न्हाई का? नवमीला यंत्र एकदाच चाललं. ते कुनी चालवलं ते मलाच ठावं."

मी भिंतीला टेकले.

"दोन दिस सांगाया बघायलाव, जीभच हलंना. नागनाथला धरल्यालं मला आज रुख्मिनी तुला सांगत व्हती तवा कळलं. तू बाहेर पडलीस. मनलं, हिला कळू दे, मंग मी बोलतो. मला आधी सांगाया तोंड न्हवतं."

बन्सीधर साहेब सगळं अंगावर घेतात असं मी सांगितलं. ते ऐकून मामा पहिल्यांदा चिडले. मान घेताना मी घेतला, आता दुसऱ्याच्या नावावर करू काय, असं ते म्हणाले. मी करुणाला शेजारी दिलं आणि आम्ही चौकीत गेलो. रस्त्यात विहारापाशी पोरं जमली होती. मामा त्यांच्यासमोर थांबले आणि त्यांनी सगळं सांगितलं, मोठ्यानं, एका दमात. पोरांच्या हातातले दगड हातातच राहिले. मग आमच्यामागं कुणी आलं नाही.

जमादारांना जबाब लिहून घ्यायला फार वेळ लागला. त्यांना सारखं वाटत होतं की आपण काहीतरी चुकीचं ऐकतोय. बन्सीधर साहेब स्वतःहून आले. जीप सकाळी आली ती त्यांना घेऊन गेली. नागनाथ बाहेर पडला आणि मामांच्या पायाशी बसला. मामांनी त्याला उठवलं आणि घरी जा म्हणून सांगितलं. खटल्याचं पुढं काय झालं ते इथं सांगत नाही. मामांना कुणी शिक्षा केली नाही, एवढं खरं. कुणी करावी अशी शिक्षा उरलीही नव्हती.

महिनाअखेरीला नवे इंजिनियर आले. मामा शेवटच्या दिवशी कामावर गेले, यंत्राला तेल दिलं, आणि नव्या साहेबांकडं एकच गोष्ट मागितली. साहेबांनी खालच्या वस्तीत, भोईवाड्यात, आमच्याकडं माणूस पाठवून कळवलं की संध्याकाळी भोंगा वाजणार आहे आणि आता रोज वाजणार आहे, धरणाला काही झालेलं नाही.

मी करुणाला कडेवर घेऊन भिंतीवर उभी होते. रुख्मिणी शेजारी येऊन उभी राहिली. भोंगा सुरू झाला आणि बराच वेळ थांबलाच नाही. नेहमी वाजतो त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त वेळ मामांनी तो दाबून धरला होता. खालच्या नदीत धुणं धुणाऱ्या बायका उठल्या, पिळे उचलून काठावर आल्या आणि वर बघत उभ्या राहिल्या. करुणानं माझ्या मानेत तोंड खुपसलं आणि विचारलं, कोण वाजवतंय? मी म्हटलं, आजोबा वाजवतायत. तुझ्या बाबांसाठी.

मग मी रडले. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून. त्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.